सुपारीचे नाव घ्यायला हवे

रायगडच्या किनारपट्टीवर कर्करोगाविषयी लोकांना सावध करायचे म्हटले की पहिले नाव तंबाखूचे येते. ३१ मे रोजी घेतली जाणारी शपथ तंबाखूविरोधाची असते, आरोग्य केंद्राच्या भिंतीवरच्या चित्रात विडी आणि गुटख्याची पुडी असते, दुकानाबाहेरच्या पाटीवरही तंबाखूच असते. त्यात चुकीचे काही नाही. तंबाखूने या राज्यात जेवढी माणसे नेली तेवढी फार थोड्या गोष्टींनी नेली असतील. पण अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन या पट्ट्यात जी वस्तू घराच्या मागल्या वाडीत पिकते, देवापुढे ठेवली जाते, पाहुण्याच्या हातावर दिली जाते आणि जेवणानंतर सहज तोंडात टाकली जाते, तिचे नाव या सगळ्या प्रचारात जवळजवळ कुठेच नसते. ती वस्तू म्हणजे सुपारी. तंबाखू न मिसळताही सुपारी माणसाला कर्करोग करू शकते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली निःसंदिग्धपणे छापून ठेवले आहे. त्याला आता दोन दशके उलटली. तरीही ‘मी फक्त सुपारी खातो, तंबाखूला हात लावत नाही’ हे वाक्य आपल्याकडे निर्व्यसनीपणाचा दाखला म्हणून बोलले जाते आणि ऐकणाराही मान डोलावतो. ही चूक लोकांच्या अडाणीपणातून आलेली नाही. या किनाऱ्याचा इतिहास, विज्ञानाची वाटचाल आणि कायद्याची रचना या तिन्हींनी मिळून सुपारीला इतकी वर्षे आडोसा दिला. तो आडोसा कसा तयार झाला हे नीट पाहिल्याशिवाय कर्करोग-प्रतिबंधाचा इथला प्रचार पुढे सरकणार नाही, असे माझे मत आहे.

सुरुवात याच किनाऱ्यावरच्या चौल बंदरापासून करावी लागते. शिलाहारांच्या काळात हे बंदर अरबांना सैमूर या नावाने ठाऊक होते. इ. स. ९१६च्या सुमारास बगदादचा प्रवासी अल् मसूदी इथे येऊन गेला. त्या वेळी इथे झंझ नावाचा राजा होता आणि मुसलमान व्यापाऱ्यांची सुमारे दहा हजारांची वस्ती होती, अशी नोंद त्याने केली आहे. याच मसूदीने हिंदुस्थानातल्या लोकांच्या तांबूल खाण्याचे वर्णन केले आहे. पान, चुना आणि सुपारी एकत्र चघळल्याने हिरड्या घट्ट होतात आणि श्वासाला सुगंध येतो, अशी तांबुलाची स्तुती तो नोंदवतो. अकराशे वर्षांपूर्वीच्या या नोंदीत सुपारी औषधी, सुसंस्कृत आणि हवीहवीशी वस्तू म्हणून उभी आहे. पुढे सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोसा चौलच्या व्यापाराविषयी लिहितो, तेव्हा मलबारकडून इथे येणाऱ्या जहाजांच्या मालात नारळ आणि मसाल्यांबरोबर सुपारीही असते. म्हणजे हा किनारा सुपारी पिकवतही होता आणि बाहेरची सुपारी उतरवून घाटावर पाठवतही होता. देशावरच्या बाजारपेठांना सुपारी पोचवणारी एक मोठी वाट याच खाड्यांतून आणि घाटांतून जात होती.

चौल मागे पडले, पण वाड्या राहिल्या. थळपासून रेवदंड्यापर्यंतच्या अष्टागरात आणि दक्षिणेला मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धनला समुद्राच्या वाळूमागच्या पट्ट्यात नारळाच्या सावलीत पोफळी वाढल्या. पोफळ हे धीराने करायचे पीक आहे. रोप लावल्यावर सहा-सात वर्षांनी ते फळ देऊ लागते, उन्हाळाभर त्याला पाणी द्यावे लागते, पिकलेली फळे उतरवून महिना-दीड महिना उन्हात वाळवावी लागतात आणि मग सोलून, निवडून विकावी लागतात. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीला या कष्टांमुळे आणि तिच्या मोठ्या, पांढऱ्या दाण्यामुळे नाव मिळाले. इंग्रजी अमदानीत १८८३ साली निघालेल्या कुलाबा-जंजिऱ्याच्या गॅझेटियरपासून पुढच्या सरकारी ग्रंथांपर्यंत, मुंबईच्या बाजारात श्रीवर्धनच्या सुपारीला असलेल्या मानाचा उल्लेख येतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तर श्रीवर्धनला सुपारीसाठी वेगळे संशोधन केंद्रच ठेवले आहे. ज्या गावाने बाळाजी विश्वनाथासारखा पेशवा दिला, त्याच गावाची दुसरी ओळख म्हणजे ही सुपारी. तिच्याकडे संशयाने पाहायला इथल्या माणसाचे मन धजत नाही, ते समजण्यासारखे आहे. लग्न ठरते ते सुपारी फोडून, पूजेला गणपती नसला तर सुपारी मांडून काम भागते, गावकीच्या बैठकीत पान-सुपारी फिरते आणि ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालताना विडा ठेवावा लागतो.

तंबाखूची गोष्ट वेगळी आहे. ती उशिरा आली आणि परकी म्हणून आली. अमेरिकेतून पोर्तुगिजांबरोबर ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि तिथून विजापूरच्या मुलखात पसरली. अकबराचा वकील असद बेग १६०४च्या सुमारास विजापुरात होता, तेव्हा त्याला ती तिथे दिसली आणि त्याने ती नवलाईची वस्तू म्हणून बादशहापुढे नेली. जहांगीरने तिच्यावर बंदीचे फर्मान काढले ते १६१७ साली. म्हणजे तंबाखूला या देशात येऊन अवघी पंधरा-वीस वर्षे झाली तोच तिच्याविरुद्ध राजाज्ञा निघाली होती. सुपारीविरुद्ध अशी राजाज्ञा निघाल्याचे ऐकिवात नाही. पुढे तंबाखू विड्यात शिरली, चुन्याबरोबर मळली जाऊ लागली आणि बायकांच्या हाती ती मशेरीच्या रूपाने आली. तव्यावर काळी होईतो भाजलेली, कुटून बारीक केलेली ही तंबाखू सकाळी दातांना लावायची सवय महाराष्ट्रभर, विशेषतः कष्टकरी घरांतल्या स्त्रियांत रुजली. मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मशेरीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरल्याचे त्यात दिसले. मशेरी हे व्यसन आहे असे कित्येक घरांत अजूनही मानले जात नाही, ते दात घासणे मानले जाते. सुपारीचेही तसेच आहे. जी गोष्ट व्यसनाच्या खात्यात मांडलीच जात नाही, तिच्याविषयीचा इशारा ऐकणाऱ्याला लागू पडत नाही.

आता वैद्यकाकडे वळू. हिंदुस्थानात तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण विलक्षण आहे, हे दक्षिणेतल्या मिशनरी रुग्णालयांच्या ध्यानात विसाव्या शतकाच्या आरंभीच आले होते. १९०८ साली त्रावणकोरातल्या १,७०० कर्करोग-रुग्णांचा आढावा ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि त्यात विडा चघळण्याच्या सवयीकडे बोट दाखवलेले होते. १९३३ साली ऑर या डॉक्टरने त्याच भागातल्या पान-सुपारी खाणाऱ्यांचा अभ्यास केला. मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि मग हा प्रश्न आपल्या दाराशी अभ्यासला जाऊ लागला. रेवस-मांडव्याच्या किनाऱ्यावरून पाण्यापलीकडे मुंबई दिसते, इतके ते जवळ होते. त्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर, भारतातल्या विकृतिशास्त्राचे अध्वर्यू. त्यांनी १९४४ साली मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. १९५५ साली संघवी आणि राव यांच्यासह त्यांनी केलेल्या अभ्यासातून एक महत्त्वाची गोष्ट ठरली: चघळणाऱ्यांचा कर्करोग प्रामुख्याने तोंडात होतो, ओढणाऱ्यांचा जिभेच्या मुळाशी आणि घशात. कर्करोग नशिबाने किंवा भोगाने येत नाही, तो सवयीच्या मागोमाग आणि नेमका सवयीच्या जागी येतो, हे मराठी मुलखातल्या रुग्णांवरून इतक्या आधी दाखवून देणारे हे काम होते. अशा कामाची ओळख शाळेच्या पुस्तकातून व्हायला हवी होती. खानोलकरांच्या पुढाकाराने १९५२ साली उभी राहिलेली संशोधन संस्था पुढे टाटा स्मारक केंद्रात सामील झाली आणि २००२ साली खारघरला, म्हणजे रायगड जिल्ह्यातच, आली. या जिल्ह्याचे एक टोक कर्करोगावरच्या संशोधनाचे केंद्र आहे आणि दुसरे टोक रोठा सुपारीचे.

मात्र या अभ्यासांतच एक अडचण दडलेली होती. मुंबईत काय किंवा त्रावणकोरात काय, पान-सुपारी खाणारा माणूस बहुधा त्यात तंबाखूही घाली. तंबाखू, सुपारी, चुना, कात आणि पान एकाच तोंडात एकाच वेळी असताना दोष कोणाचा, हे वेगळे काढायचे कसे? म्हणून १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कर्करोग संशोधन संस्थेने पहिला निवाडा दिला तेव्हा तंबाखूचा विडा कर्करोगकारक ठरला, पण बिनतंबाखूच्या विड्याबद्दल पुरेसा पुरावा नाही असे म्हटले गेले. आपल्या देशातला तंबाखूविरोधी प्रचार, त्याची भाषा, त्याची चित्रे आणि त्याच्या घोषणा याच काळात आकाराला आल्या. त्या वेळच्या विज्ञानाने जे सांगितले तेच प्रचाराने सांगितले, त्यात दोष देण्यासारखे काही नाही. पुढे पुरावा आला तो इथून दूरच्या बेटांवरून. तैवानमध्ये आणि पापुआ न्यू गिनीत माणसे सुपारी आणि चुना मुबलक चघळतात, पण त्यात तंबाखू घालत नाहीत, आणि तरीही तिथे तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे. तंबाखू बाजूला झाल्यावरही रोग राहिला, तेव्हा सुपारीला आडोसा उरला नाही. २००४चा निवाडा यातून आला. विज्ञानाने आपले म्हणणे सुधारले, आपल्या भिंतींवरची चित्रे मात्र १९८५ सालातच थांबली.

सुपारीचा दोष फक्त दूरच्या आकडेवारीवर उभा नाही. तिची एक ठळक खूण आहे. १९५२ साली श्वार्ट्झ या डॉक्टरने पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात एक विचित्र विकार नोंदवला आणि पुढच्याच वर्षी जोशी या भारतीय डॉक्टरांनी त्याचे वर्णन आपल्याकडच्या नियतकालिकात केले. तोंडाच्या आतले अस्तर पांढुरके आणि ताठ होत जाते, तिखट लागले की आग होते, गालात दोरीसारखे पट्टे हाताला लागतात आणि तोंड उघडणे दिवसेंदिवस कमी होते. सुपारीतल्या अल्कलॉइडांमुळे आणि तिच्यात असलेल्या तांब्यामुळे अस्तराखालचे तंतू गरजेपेक्षा जास्त बनतात, एकमेकांत गुंततात आणि शरीराला ते मोडता येत नाहीत. हा विकार सुपारीचाच आहे, नुसत्या तंबाखूने तो होत नाही. आणि तो कर्करोगाच्या वाटेवरचा टप्पा आहे: केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा रुग्णांचा सतरा वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा त्यांतल्या ७.६ टक्के लोकांना तोंडाचा कर्करोग झाल्याचे आढळले. तोंड उघडताना स्वतःची तीन बोटे उभी आत जात नसतील तर दवाखान्यात जावे, ही एवढी साधी गोष्ट किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात माहीत असायला हवी. ती माहीत नाही, कारण ती सांगायची तर आधी सुपारीचे नाव घ्यावे लागते.

यावर पहिला आक्षेप घेतला जातो तो पूर्वजांच्या नावाने. आजोबा-पणजोबांनी जन्मभर पान-सुपारी खाल्ली, त्यांना कुठे काय झाले, असे लोक विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. कर्करोग व्हायला बहुधा काही दशके लागतात, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांच्याही आत होते. पटकी, प्लेग, हिवताप, क्षय आणि बाळंतपण यांतून वाचून पन्नाशी-साठी गाठणारी माणसेच थोडी होती. ज्यांनी ती गाठली त्यांच्यापैकी कुणाच्या गालातल्या न भरणाऱ्या जखमेला कर्करोग म्हणून ओळखणारा डॉक्टर गावात नव्हता. ती माणसे तोंडात गळू झाले म्हणून, खाणे तुटले म्हणून गेली आणि तशीच आठवणीत राहिली. जिथे डॉक्टर होते आणि नोंदी होत होत्या तिथे, त्रावणकोरच्या १९०८च्या आढाव्यात, हा रोग भरपूर दिसतो. तोही गुटख्याच्या कितीतरी आधी. तेव्हा पूर्वी हा रोग नव्हता असे म्हणता येत नाही, तो मोजला जात नव्हता. मात्र या आक्षेपात सत्याचा एक अंश आहे आणि तो मान्य करायला हवा. अडकित्त्याने कातरलेली सुपारी दोन वेळच्या जेवणानंतर खाणे आणि खिशातली पुडी दर तासाला तोंडात रिती करून गालात धरून ठेवणे यांत मात्रेचा फरक मोठा आहे. आजचा तरुण आजोबांची सवय चालवत नाही, त्याने एक फार जड सवय अंगावर घेतली आहे.

दुसरा आक्षेप धर्माचा आणि आयुर्वेदाचा. चरक-सुश्रुतांनी जेवणानंतर मुखशुद्धीसाठी सुपारीसह सुगंधी द्रव्ये तोंडात धरायला सांगितली आहेत, हे खरेच आहे. पण वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तांबूल कोणाला अपथ्य हेही सांगितले आहे: जखम असलेला, रक्तपित्ताचा रोगी, डोळे आलेला, क्षयाने झिजलेला. ज्या शास्त्राने सुपारीला मात्रा आणि मर्यादा घातली त्याच शास्त्राच्या नावाने ती दिवसभर चघळणे हा त्या ग्रंथकारांवर अन्याय आहे. त्यांच्यापुढे हजारो रुग्णांच्या नोंदवह्या नव्हत्या. आपल्यापुढे आहेत. आणि धर्माविषयी तर वाद घालायचे कारणच नाही. कलशावर ठेवलेली, गणपती म्हणून पुजलेली, विड्यावर दक्षिणेसह दिलेली सुपारी कुणाच्याही गालाला इजा करत नाही. पूजेत सुपारी अखंड लागते, ती चघळली जात नाही. धर्मकृत्यातली सुपारी तशीच ठेवून तोंडातली सुपारी सोडायला सांगणे यात श्रद्धेला धक्का लागण्यासारखे काही नाही. हे भटजींनी, कीर्तनकारांनी आणि गावकीच्या वडीलधाऱ्यांनी सांगितले तर ते डॉक्टरांच्या तोंडून येण्यापेक्षा अधिक लवकर पोचेल.

तिसरा आक्षेप असा की खरा गुन्हेगार गुटखा आहे, बिचाऱ्या सुपारीला कशाला गोवता? इथे कायद्याचा इतिहास पाहायला हवा. महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली, ती सर्वोच्च न्यायालयात २००४ साली टिकली नाही. दरम्यान २००३चा तंबाखू नियंत्रण कायदा आला. तो तंबाखूपुरता आहे, त्यामुळे नुसती सुपारी त्याच्या कक्षेबाहेर राहिली. सुपारी अन्नाच्या कायद्यात गेली, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती खाद्यपदार्थ ठरली. २०१२ साली राज्याने अन्नसुरक्षा कायद्याचा आधार घेऊन गुटखा आणि पानमसाला या दोन्हींवर बंदी आणली आणि पुढे सुगंधी सुपारी, मावा, खर्रा हेही तीत ओढले. हे पाऊल धाडसाचे होते आणि त्यामागची समज योग्य होती, कारण पानमसाल्यात तंबाखू नसते, त्याचा मुख्य घटक सुपारीच असतो. म्हणजे सरकारी आदेशाने सुपारीचा धोका प्रत्यक्षात मान्य केला. पण लोकांपर्यंत जो निरोप पोचला तो ‘गुटखाबंदी’ एवढाच. पुडीबंद सुपारीवर, ती चघळणे आरोग्याला अपायकारक आहे, असा इशारा छापणे कायद्याने बंधनकारक आहे. वाण्याच्या बरणीतल्या सुट्या सुपारीला आणि घरच्या डब्यातल्या सुपारीला मात्र कुठलाच इशारा चिकटवता येत नाही. तिथे माणसानेच माणसाला सांगावे लागते. गुटख्यातून तंबाखू काढली तरी उरते ती सुपारी, चुना आणि कात. याच कर्करोग संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी २०२४ साली मांडलेल्या हिशोबानुसार, २०२२ या एका वर्षात जगभरातले तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १,२०,२०० रुग्ण धूरविरहित तंबाखू आणि सुपारी यांमुळे झाले, आणि त्यांतले ८३,४०० एकट्या भारतातले होते. या हिशोबात सुपारी तंबाखूच्या शेजारी बसवली आहे ती उगाच नाही.

सर्वांत जड आक्षेप पोटाचा आहे आणि तो झटकून टाकणाऱ्याला या किनाऱ्यावर बोलायचा अधिकार नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड आणि अलिबागच्या वाड्यांतल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या. एका दुपारी पिढ्यांची मिळकत आडवी झाली, आणि नवी रोपे लावून फळ हाती यायला सहा-सात वर्षे लागणार हे प्रत्येकाला ठाऊक होते. अशा बागायतदाराला ‘तुझे पीक विषारी आहे’ म्हणून हिणवणे क्रूर आहे आणि चुकीचेही. पुडीत भरली जाणारी बहुतांश सुपारी कर्नाटक, केरळ, आसामची असते, शिवाय परदेशातून चोरून आणलेली असते. उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात खोट्या नावाखाली आलेली सुपारी महसूल गुप्तचर खात्याने वारंवार पकडली आहे. रायगडचा वाटा त्यात किरकोळ आहे. म्हणून इथल्या वाड्या तोडल्याने देशातला कर्करोग कमी होणार नाही, आणि तशी मागणी मी करत नाही. पण पीक एकदम सोडता येत नाही, एवढ्यावरून त्याच्याविषयी खरे बोलू नये असे ठरत नाही. निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्याचेही पोट होतेच, म्हणून तंबाखूविषयी आपण गप्प बसलो नाही. उलट निसर्ग वादळानंतर पुनर्लागवडीची वेळ आली तेव्हा एक संधी होती. नारळाच्या सावलीत काळी मिरी, जायफळ, दालचिनी घेण्याची ‘लाखी बाग’ पद्धत कोकण कृषी विद्यापीठाच्या भाट्ये येथील केंद्राने रूढ केली आहे, ती अष्टागराच्या जमिनीला परकी नाही. मोडलेल्या पोफळीच्या जागी दुसरे काही लावू पाहणाऱ्याला सरकारने ठसठशीत जादा मदत देऊ केली असती, तर काही वाड्यांनी तरी ती वाट धरली असती. तैवानने सुपारीच्या बागा सोडणाऱ्या शेतकऱ्यांना असे अनुदान दिले आहे.

तैवानचे उदाहरण आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. सांगून काय होते, व्यसने सांगून सुटतात का, असे निराश होऊन बोलणाऱ्यांना ते उत्तर आहे. तिथल्या शासनाने सुपारीचे नाव घेऊन प्रचार केला, सुपारी खाणाऱ्यांची तोंडे तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला, आणि प्रौढ पुरुषांतले सुपारी खाण्याचे प्रमाण २००७ साली सतरा टक्क्यांच्या आसपास होते ते दशकभरात सहा टक्क्यांच्या आसपास आले. आपल्या देशातही दाखले आहेत. एर्नाकुलम, श्रीकाकुलम आणि भावनगर या तीन जिल्ह्यांत मिळून तंबाखू वापरणाऱ्या ३६,००० लोकांना समजावून सांगण्याचा आणि दरवर्षी तपासण्याचा प्रयोग टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने केला. सवय सोडणाऱ्यांची आणि कमी करणाऱ्यांची संख्या वाढली आणि तोंडातले पांढरे चट्टे नव्याने होण्याचे प्रमाण घटले, हे त्याचे निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाले. तिरुवनंतपुरमला नुसत्या डोळ्यांनी तोंड तपासणाऱ्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांमुळे व्यसन असलेल्यांतले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. आणि महाराष्ट्रात बार्शी आहे. १९८७ साली तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदी घेण्यासाठी कार्यकर्ते गावोगाव जात, लोकांशी बोलत, लक्षणे सांगत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. तिथे महागडे यंत्र आलेले नव्हते. ओळखीची माणसे दारात येऊन ज्या गोष्टीबद्दल कुणी बोलत नसे ती बोलू लागली होती. बार्शीला जे लाजेच्या बाबतीत जमले ते श्रीवर्धनला मानाच्या बाबतीत जमायला हरकत नाही.

त्यासाठी फार मोठी यंत्रणा नव्याने उभारायला नको, असलेली थोडी दुरुस्त करायला हवी. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचे जे तपासणी-पत्रक आशा सेविका घरोघरी भरतात, त्यात धूम्रपान आणि गुटखा-खैनीसारख्या पदार्थांविषयी प्रश्न आहे. सुपारीचे नाव त्यात नाही. त्यामुळे रोज सुपारी चघळणारी बाई या प्रश्नाला ‘कधीच नाही’ असे खरे उत्तर देते आणि धोका असलेल्यांच्या यादीतून सुटते. निदान रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात तरी तो प्रश्न ‘सुपारी खाता का, दिवसातून किती वेळा’ असा स्वतंत्रपणे विचारायला हवा. वयाचेही तेच. तोंड आखडण्याचा विकार शाळा-कॉलेजच्या वयातल्या मुलांत दिसतो, आणि सरकारी तपासणी सुरू होते तिसाव्या वर्षी. त्या मुलांसाठी तिशीची वाट पाहणे म्हणजे अस्तर ताठ होऊन जाईपर्यंत थांबणे, कारण एकदा झालेले तंतू सवय सुटली तरी पूर्ववत होत नाहीत, फक्त पुढची वाढ थोपवता येते. शाळेतल्या आरोग्य तपासणीत डोळे आणि दात पाहिले जातात, तेव्हाच मुलाला तोंड पूर्ण उघडायला सांगून बोटांनी अंतर मोजायला एक मिनिटही लागत नाही. आणि ३१ मेच्या शपथेत तंबाखूपाठोपाठ सुपारीचे नाव घालायला कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही, मुख्याध्यापकाच्या मनाची तयारी पुरते.